गच्च भरलेली चावी

वाचण्यापूर्वी: तुमच्या घरात भारतातून आणलेली, पण आता बंद पडलेली एखादी वस्तू आहे का? ती कोणाची होती? घरच्यांना विचारा आणि मग पुढे वाचा.

भाग १ : घड्याळाची चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? घराची चावी, नाहीतर गाडीची. मराठीत घड्याळालाही चावी असते. मनगटी घड्याळाच्या उजव्या कडेला एक बारीक, खाचा पाडलेलं बोंड असतं ना, तीच ही चावी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून ती फिरवायची, की घड्याळात जोर भरला जातो. याला म्हणतात चावी देणे.

तुमच्या घड्याळाला चार्जर लागतो. आईबाबांच्या घड्याळाला सेल लागतो. चावीच्या घड्याळाला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या आत एका चपट्या डबीत पोलादाची लांब, पातळ पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. तिचं नाव कमान. चावी दिली की कमान आवळली जाते. मग ती हळूहळू सैल होत जाते, आणि सैल होता होता आतली दातेरी चाकं फिरवते. चाकं काट्यांना फिरवतात.

आता तुम्ही विचाराल, कमान एकदम सुटून का जात नाही? कारण तिच्या वाटेवर एक पहारेकरी बसवलेला असतो. हे एक छोटं चाक असतं. ते गोल गोल फिरत नाही, झोपाळ्यासारखं पुढे-मागे हलतं. घड्याळ दुरुस्त करणारे लोक त्याला 'बॅलन्स' म्हणतात. प्रत्येक झोक्याला हे चाक थोडासाच जोर पुढे सोडतं. टिक, टिक, टिक! ज्या घड्याळाची गोष्ट मी सांगणार आहे, त्यात अशी टिकटिक सेकंदाला पाच वेळा होते. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,००० वेळा. आणि हे सगळं फक्त सकाळच्या वीस-पंचवीस वेळा फिरवलेल्या चावीवर.

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

भाग २ : न संपलेली मधली सुट्टी

मी सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावात वाढलो. गावातल्याच मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो. त्याच शाळेत माझे वडील शिपाई होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांच्या कामातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे टोल देणे. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा साखळीने टांगलेला होता. अण्णा हातोडीने त्यावर ठोका द्यायचे आणि त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. तास संपला, एक टोल. मधली सुट्टी, दोन टोल. शाळा सुटली की लांबलचक घणघणाट! गावातल्या बायका त्या आवाजावर भाकऱ्या टाकायच्या. म्हणजे पूर्ण गावाची वेळ शाळेच्या टोलावर, आणि शाळेचा टोल अण्णांच्या मनगटावरच्या घड्याळावर.

ते घड्याळ होतं एचएमटी कंपनीचं. मॉडेलचं नाव 'जनता'. एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत सरकारची कंपनी. १९६१ साली या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं परीक्षेत पास झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं, की घरात एचएमटी यायचं. अण्णांनी त्यांचं घड्याळ १९८३ साली घेतलं, नोकरीत कायम झाल्यावर. पांढरी तबकडी, काळे आकडे, आणि वर देवनागरीत लिहिलेलं 'जनता'.

रोज सकाळी आंघोळ झाली, देवाला नमस्कार झाला, की अण्णा खिडकीजवळ उभे राहून घड्याळाला चावी द्यायचे. आम्हा मुलांनी त्याला हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. नियम का होता ते कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याचं कारण सांगितलेलं नसतं, तो नियम मोडायला हात शिवशिवतात. हो की नाही?

ऑगस्ट २००१. मी सातवीत होतो. एका सकाळी अण्णा आंघोळीला गेले होते आणि घड्याळ खिडकीत होतं. मी ते उचललं आणि चावी द्यायला लागलो. कर्र, कर्र, कर्र. काय छान वाटत होतं बोटांना! मग चावी घट्ट झाली. मी अजून थोडी फिरवली. मग ती फिरेचना. तरी मी शेवटचा एक जोर लावला. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. मी घड्याळ होतं तिथे ठेवलं आणि दप्तर भरायला बसलो.

त्या दिवशी दीड वाजता मधल्या सुट्टीचे दोन टोल झाले. आम्ही डबे खाल्ले, मैदानावर गेलो, खेळायला लागलो. खेळून दमलो. पुन्हा खेळलो. सुट्टी संपतच नव्हती! पोरं खूश होती. मीही खूश होतो. शेवटी मुख्याध्यापक त्यांच्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातातल्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

अण्णा टोलाजवळच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मुख्याध्यापक अण्णांना बोलले. सगळ्या शाळेसमोर बोलले. काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. अण्णा मान खाली घालून उभे होते. त्या दिवसापर्यंत मी अण्णांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मग गणिताच्या सरांनी घड्याळ हातात घेतलं. चावी फिरवून पाहिली. ती जागची हलली नाही. सर म्हणाले, "चावी जास्त झाली हो. कमान तुटली असणार."

अण्णा म्हणाले, "असंल सर. माझ्याच हातनं जास्त फिरली असंल."

मी मागे रिकामा डबा घेऊन उभा होतो. मला सगळं समजलं. कमान मी तोडली होती आणि बोलणी अण्णांनी खाल्ली होती. तोंड उघडून खरं सांगायला एक मिनिटही लागलं नसतं. मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेने सेलवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ आणलं. अशा घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तुमच्यापैकी कोणी कोडिंग शिकत असेल तर हा आकडा ओळखा बघू! दोनाचा पंधरावा घात. क्वार्ट्झपुढे चावीच्या घड्याळाचा टिकाव लागत नाही. अण्णांचं जनता घड्याळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं. आई अधूनमधून म्हणायची, "अहो, दुरुस्तीला तरी टाका." अण्णा म्हणायचे, "बघू." ते 'बघू' बावीस वर्षं चाललं.

भाग ३ : चुकीचा पार्ट

मी इंजिनिअर झालो. आयटीत लागलो. लग्न झालं, न्यू जर्सीला आलो. २०२३ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा माळा आवरताना तो पत्र्याचा डबा सापडला. घड्याळ होतं तसंच होतं. एक पस्तीसवर थांबलेलं. सोबत त्याचा चामड्याचा पट्टाही होता, बक्कलाजवळ फाटलेला.

"अण्णा, हे मी नेऊ का?"

"ने की. काय करणार? टाकायचंच हाय ते."

मला ते टाकायचं नव्हतं. दुरुस्त करून त्यांच्या हातावर बांधायचं होतं. आणि खरं सांगू का? त्यानंतर मला ते सत्य सांगायचं होतं. बंद घड्याळ हातात देऊन "हे मी मोडलं" असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. चालू घड्याळ दिलं असतं तर थोडी हिंमत आली असती.

न्यू जर्सीला परत आल्यावर मी एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने घड्याळ उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, साफसफाईचे २८० डॉलर, पार्टचे वेगळे, आणि याचे पार्ट माझ्याकडे मिळणार नाहीत. मी मनात हिशेब केला. भारतात असं जुनं, पण चालू असलेलं घड्याळ दीड-दोन हजार रुपयांना मिळतं. म्हणजे वीस-पंचवीस डॉलर. त्यासाठी २८०? आमच्याकडे म्हण आहे, 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला'. कोंबडी स्वस्त आणि मसालाच महाग!

मग मी ठरवलं, पार्ट आपणच शोधायचे. पण ते सोपं नव्हतं. भारत सरकारने २०१६ साली एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे जुन्या घड्याळांसाठी जे पार्ट लागतात ते कुठल्या तरी दुकानदाराच्या जुन्या पुड्यांमध्ये शोधायचे, नाहीतर दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढायचे.

पहिला धडा मी लगेच शिकलो. पार्ट शोधताना घड्याळाचं नाव नाही, आतल्या यंत्राचा नंबर बघायचा. मी भिंग, चिमटा आणि मागचं झाकण उघडायचं हत्यार असं २० डॉलरचं सामान घेतलं. झाकण उघडलं. यंत्रावर बारीक अक्षरात नंबर होता : ०२३१. हाच नंबर एचएमटीच्या 'पायलट' नावाच्या घड्याळातही सापडतो. बाहेरून दोन्ही घड्याळं वेगळी दिसतात. जनता पांढरं, साधं. पायलटची तबकडी बहुधा काळी. पण आतलं यंत्र एकच! म्हणजे पायलटचे पार्ट जनताला चालतात. जसं आडनाव एक असलं की घराणं एक, तसं.

मग मी काय केलं? ०२३१ साठी एक नवी कमान मागवली. १४ डॉलर. कमान तुटली आहे हे मला माहीतच होतं ना!

त्याच आठवड्यात आणखी एक शहाणपणा केला. नेटवर एक 'जनता' दिसलं. लालभडक तबकडी, चकचकीत केस, ३५ डॉलर. मी म्हटलं, असू दे, याचे पार्ट वापरता येतील. घड्याळ आलं, उघडलं. तबकडी कोणीतरी नव्याने रंगवलेली होती, आकडे जाडेभरडे छापलेले, आत गंज, आणि यंत्र तीन-चार घड्याळांचे तुकडे जोडून बनवलेलं. जुनी घड्याळं जमवणारे लोक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यातला एकही पार्ट माझ्या कामाचा नव्हता. हा दुसरा धडा : चाळीस वर्षांचं घड्याळ अगदी कोऱ्यासारखं चमकत असेल तर आधी शंका घ्यायची. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण मला त्या दिवशी नीट कळली.

भाग ४ : कमान काय सांगते?

नवी कमान आली. ती कशी बसवायची हे शिकायला मी काही व्हिडिओ पाहिले, एक जुनं पुस्तक वाचलं. त्यात एक वाक्य वाचून मी थांबलो.

कमान तुटली असेल तर चावी मोकळी फिरत राहते. कितीही फिरवा, घट्ट होत नाही. कारण घट्ट व्हायला आत काही उरलेलंच नसतं.

पण आमच्या घड्याळाची चावी तर फिरतच नव्हती! २००१ मध्ये सरांच्या हातातही नाही आणि आता माझ्याही हातात नाही. म्हणजे कमान तुटलेली नव्हती. ती गच्च भरलेली होती.

मी आयटीत काम करतो. प्रोग्राममध्ये चूक असली की आम्ही आधी ती कुठे आहे ते शोधतो, मग दुरुस्त करतो. अंदाजाने कोड बदलत बसलेल्या नव्या मुलांना मी रोज रागावतो. आणि स्वतः मात्र एका सरांच्या वाक्यावर विश्वास ठेवून १४ डॉलरची कमान मागवली होती. बावीस वर्षं त्या वाक्यावर विश्वास ठेवला होता. हा तिसरा धडा आणि सगळ्यात महत्त्वाचा : आधी बिघाड शोधा, मग पार्ट मागवा.

आणि पुस्तकात पुढे असंही होतं, की चांगल्या घड्याळाला चावी जास्त दिल्याने ते बिघडतं हा एक गैरसमज आहे. कमान पूर्ण भरली की चावी थांबते. बस. कमान तुटते ती बहुधा जुनी होऊन, पोलाद थकून.

मग घड्याळ का थांबलं? मी भिंग डोळ्याला लावलं आणि बॅलन्सकडे नीट पाहिलं. ते चाक एका बाजूला कललं होतं. चिमट्याने हलकेच स्पर्श केला तर खिळखिळ्या दातासारखं हललं. बॅलन्सच्या मधोमध जो आस असतो, त्याची टोकं जवळजवळ केसाएवढी बारीक असतात. त्यातलं एक टोक मोडलं होतं. या घड्याळांत धक्का सोसायची सोय असते, तरी दगडावर जोरात आपटलं तर हे टोक मोडू शकतं.

दगडावर? मी घड्याळाची केस उजेडात फिरवून पाहिली. खालच्या कडेला, जिथे पट्टा बसतो तिथे, एक खोल टवका होता. एवढी वर्षं तो माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि फाटलेला पट्टा तर मी स्वतः डब्यातून काढला होता.

हे घड्याळ पडलं होतं. पण कधी? आणि कोणाच्या हातून?

मी फोन उचलला आणि परत ठेवला. हे फोनवर विचारायचं नव्हतं.

भाग ५ : जुन्या बाजारातलं अवयवदान

आता मला बॅलन्स हवा होता. नुसता आस बदलायला लेथ लागतो आणि फार कसबी हात लागतो. त्यापेक्षा आस, चाक आणि त्यावरची केसासारखी बारीक स्प्रिंग असा पूर्ण बॅलन्सच दुसऱ्या घड्याळातून काढून बसवणं सोपं आणि स्वस्त. थोडक्यात काय, मला अवयवदान करणारं एक मेलेलं घड्याळ हवं होतं. ज्याची तबकडी खराब, काटे गेलेले, केस घासलेली, पण बॅलन्स जिवंत.

पुण्यात जुना बाजार भरतो, बुधवारी आणि रविवारी. तिथे जुनी भांडी, नाणी, हत्यारं, रेडिओ, काय वाटेल ते मिळतं. माझा मामेभाऊ पुण्यात राहतो. एका रविवारी सकाळी त्याला मी तिथे पाठवलं. तो बाजारात, मी व्हिडिओ कॉलवर. न्यू जर्सीत मध्यरात्र झाली होती.

"दादा, ह्याच्याकडे टोपलीभर घड्याळं आहेत. कुठलं घेऊ?"

"एचएमटी पायलट आहे का बघ. बंद असलं तरी चालेल. झाकण उघडून दाखवायला सांग."

विक्रेत्याने झाकण उघडलं. मी म्हणालो, "आता घड्याळ हातात धर आणि मनगट हलकेच फिरव." भावाने फिरवलं. फोनच्या पडद्यावर मला दिसलं, बॅलन्स झोपाळ्यासारखा छान हलला आणि हळूहळू थांबला. तबकडीचा रंग उडाला होता, मिनिटकाटा गायब होता. मला काय त्याचं?

"पाचशे म्हणतोय."

"दीडशे म्हण."

शेवटी अडीचशेला सौदा झाला. जाग्रण झालं, पण मजा आली. घासाघीस करण्यात जी गंमत आहे ती 'कार्टमध्ये टाका' या बटणात नाही.

चौथा धडा छोटा आहे : जे दुरुस्त होतं ते बदलू नका. घड्याळाच्या काचेवर ओरखडे होते. ती काच खरं तर प्लास्टिकची असते. मी मऊ फडक्यावर टूथपेस्ट घेऊन वीस मिनिटं घासली. काच स्वच्छ झाली. खर्च शून्य.

भाग ६ : सातारला

डिसेंबर २०२४ मध्ये मी गावी गेलो. यंत्र उघडून साफ करणं, तेल देणं, बॅलन्स बसवणं, हे माझं काम नव्हतं. मी व्हिडिओ पाहून शिकलेला माणूस. अण्णांच्या घड्याळावर मला प्रयोग करायचा नव्हता. सातारला मोती चौकाजवळच्या एका गल्लीत एक म्हातारे घड्याळजी अजून बसतात, असं समजलं. मी म्हटलं, "अण्णा, चला सातारला." काय काम आहे ते सांगितलं नाही.

घड्याळजी काकांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि एक स्टूल. मी खिशातून जनता काढलं. अण्णांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काही बोलले नाहीत.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण काढलं. म्हणाले, "आधी कमानीतला जोर सोडायला पाहिजे, नाहीतर उघडताना चाकं उडतील." त्यांनी दोन बोटांत चावी धरली, आत एक बारीक खटका मागे सरकवला, आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू दिली. कर्र, कर्र, कर्र. ती फिरतच राहिली.

"अगागा! केवढी चावी दिली होती कुणी?" काका हसले. "गच्च भरलीय. आणि तेव्हापासून तशीच बसलीय आत."

मला तो आवाज ओळखीचा होता. तेवीस वर्षांपूर्वी खिडकीत उभं राहून मी भरलेली चावी होती ती.

"मी दिली होती," मी म्हणालो. "अण्णा, त्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होता. मी चावी दिली. जोर लावून दिली. मला वाटलं कमान माझ्यामुळे तुटली. तुम्हाला सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि मी गप्प राहिलो."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"तू? आरं, मग एवढी वर्षं..."

"कमान कुठं तुटलीय?" काका भिंगातून बघत म्हणाले. "कमान शाबूत आहे. हे पडलंय. बॅलन्सचा आस मोडलाय. दगडावर पडलेलं दिसतंय."

आता अण्णांनी नजर चुकवली. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाकडे ते उगाचच बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "मधल्या सुट्टीचा टोल देताना पट्टा तुटला. पायरीवर आपटलं. उचलून कानाला लावलं, पण पोरांच्या गलक्यात काय ऐकू येतंय? वाटलं, चालतंय. सर म्हणाले कमान तुटली, मी म्हटलं, बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"पट्टा बदला, पट्टा बदला म्हणून तुझी आई दोन महिने कानीकपाळी ओरडत होती. तिला काय सांगणार होतो? दुरुस्तीला टाकलं असतं तर पडल्याचं उघड झालं असतं."

काका एवढे हसले की त्यांच्या डोळ्यावरचं भिंग पडलं. मीही हसलो. पण घशात काहीतरी अडकलं होतं. एकाच घरात, एकाच घड्याळाबद्दल, दोन माणसं तेवीस वर्षं गप्प होती. मी अण्णांना भिऊन, आणि अण्णा आईला भिऊन.

काकांनी पायलटचा बॅलन्स जनतात बसवला. मग जुनी कमान बाहेर काढून दाखवली. "ही तुटली नाही, पण थकलीय. इतकी वर्षं आवळून राहिली ना, आता तिच्यात जोर उरला नाही. नवी मिळाली असती तर..."

मी खिशातून १४ डॉलरची पुडी काढली. चुकून घेतलेली कमान शेवटी कामाला आली!

घरी आल्यावर आम्ही दोघांनी आईला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला माहीत होतं. फाटका पट्टा डब्यात कुणी ठेवला होता? मीच ना?"

भाग ७ : हिशेब

तुम्ही विचाराल, शेवटी खर्च किती आला? हा घ्या हिशेब. सामान २० डॉलर, कमान १४, लाल रंगाची फसवणूक ३५. म्हणजे ६९ डॉलर. पुण्याचं पायलट २५० रुपये, काकांची मजुरी ६००, नवा पट्टा १५०. म्हणजे हजार रुपये, साधारण १२ डॉलर. एकूण ८१. आधी बिघाड शोधला असता आणि चकचकीत तबकडीला भुललो नसतो तर ते ३५ डॉलरही वाचले असते.

घड्याळ आता दिवसाला मिनिटभर मागे पडतं. अण्णा निवृत्त आहेत, त्यांना टोल द्यायचा नाही. मिनिटाचं काही अडत नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ते खिडकीजवळ उभे राहून चावी देतात.

मी परत निघालो त्या दिवशी सकाळी त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "घे, आज तू दे."

मी दिली. घट्ट झाल्यावर थांबलो.

"भर की पूर्ण," अण्णा म्हणाले. "काय होत न्हाई त्याला."

वाचून झाल्यावर

१. मधली सुट्टी का संपली नाही? तुमच्या शब्दांत चार-पाच वाक्यांत सांगा.
२. कमान तुटलेली नाही, हे लेखकाला चावीवरून कसं कळलं?
३. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' आणि 'वरून कीर्तन, आतून तमाशा' या म्हणी वापरून तुमच्या अनुभवातली एकेक गोष्ट सांगा.
४. अण्णांची बोली तुम्ही वर्गात शिकता त्या मराठीपेक्षा कुठे वेगळी आहे? तीन शब्द शोधा आणि वर्गात मोठ्याने म्हणा.
५. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा : "तुम्ही लहानपणी मोडलेली आणि कोणालाही न सांगितलेली वस्तू कोणती?" उत्तर मराठीत लिहून आणा. आधी तुमची स्वतःची गोष्ट त्यांना सांगितलीत तर उत्तर लवकर मिळेल.